काकवीच्या किनाऱ्यावर आठ दिवस

शनिवार

मुलगा, सून आणि नातू मँचेस्टरला असतात. तिथल्या शाळांना ऑक्टोबरच्या अखेरीस आठवडाभराची सुट्टी लागते आणि उन्हाला आसुसलेली मंडळी त्या आठवड्यात मिळेल त्या विमानाने स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरतात. गेल्या वर्षी त्या गर्दीत आम्हा दोघांची, म्हणजे माझी आणि सौभाग्यवतींची, भर पडली. मुलाने समुद्रकाठच्या नेर्हा या गावात एक अपार्टमेंट घेतले होते. आठवडाभर वाळूत आडवे पडून राहणे माझ्या पिंडात बसत नाही, हे मी त्याला आधीच सांगून टाकले होते. म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा आणि रोज सकाळी कुठे तरी निघून रात्री परत यायचे, असा बेत त्याने आखला होता. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, तीही बरीचशी कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात झाली. नव्या मुलखात गेल्यावर लोक देवळे आणि बाजार शोधतात, तसा मी तिथे पाणी कुठून येते ते शोधतो. ही खोड पुढच्या आठ दिवसांत घरच्यांना पुष्कळ सोसावी लागली.

विमान मालागाला उतरले. तिथून पूर्वेकडे नेर्ह्याला पोहोचायला मोटारीने साधारण तासभर लागतो. उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला उघडेबोडके डोंगर, असा तो रस्ता आहे. मात्र डोंगरांच्या पायथ्याशी अवोकाडोच्या आणि चक्क आंब्याच्या बागा दिसू लागल्या, तेव्हा सौ. डुलकीतून जाग्या झाल्या. या भागाला आक्सार्किया म्हणतात आणि अरब राजवटीच्या काळापासूनच्या या अरबी नावाचा अर्थ नुसता ‘पूर्वेकडचा’ असा आहे. नेर्हा हे नावही अरबीच असून त्याचा अर्थ विपुल झरा. लिहिताना त्यात इंग्रजी ‘जे’ असल्यामुळे आम्ही महिनाभर ‘नेर्जा’ म्हणत होतो. टॅक्सीवाल्याने पहिल्याच मिनिटाला, न हसता, आमचा उच्चार सुधारला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध, पाव आणि बटाटे घ्यायला गेलो. पावाला ‘पान’, बटाट्याला ‘पाताता’, साबणाला ‘हाबोन’. आणि गल्ल्यावरच्या बाईंनी पैसे मागितले ते ‘पगार’ या शब्दाने, कारण स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करणे म्हणजे ‘पागार’. पोर्तुगीजांनी हे शब्द आपल्या किनाऱ्यावर आणून ठेवले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, हे पुस्तकात वाचलेले होते. तरीही निवृत्तीनंतर परदेशातल्या वाण्याच्या दुकानात कुणीतरी आपल्याकडे ‘पगार’ मागते, याची गंमत निराळीच.

रविवार

नेर्ह्याची वस्ती सुमारे २१ हजार. गावाच्या मधोमध समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर फरसबंदी चौक आहे, त्याला ‘युरोपचा सज्जा’ म्हणतात. पूर्वी इथे किल्ला होता; नेपोलियनशी चाललेल्या युद्धात, १८१२ मध्ये, तो उद्ध्वस्त झाला आणि त्याच्या खुणा म्हणून दोन तोफा समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या आहेत. कठड्याला रेलून उभा असलेला, माणसाच्या उंचीचा एक ब्राँझचा पुतळाही आहे. तो राजा बारावा आल्फोन्सो याचा. २५ डिसेंबर १८८४ च्या रात्री या डोंगराळ भागात मोठा भूकंप झाला, गावेच्या गावे पडली आणि जानेवारी १८८५ मध्ये राजा स्वतः पाहणीसाठी आला. इथून समुद्र पाहून त्याने या जागेला हे नाव दिले, असे सांगतात. नाव त्याच्या आधीपासूनच कागदोपत्री होते, असेही म्हणणारे आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या २७ व्या वर्षी, तो वारला. कोयनेच्या भूकंपाची ती डिसेंबरातली पहाट मी नऊ वर्षांचा असताना अनुभवलेली आहे, त्यामुळे पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढण्याची रांग लागली होती तिच्यात उभे राहायला माझे मन होईना.

सौ.ना मात्र वेगळेच सुचले. “आल्फोन्सो म्हणजे हापूसच की,” त्या म्हणाल्या. खरेच आहे. आपला हापूस अफोंसु द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराच्या नावावरून आला असे मानतात, आणि आल्फोन्सो हे त्याच नावाचे स्पॅनिश रूप. मग त्या नावाच्या साक्षीने गावातल्या फळवाल्याकडून तिथला आंबा घेणे क्रमप्राप्तच झाले. या किनाऱ्यावर आंब्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. फळ मोठे, रेषा नसलेले आणि दिसायला देखणे होते. सौ.नी पहिली फोड तोंडात घातली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, “पन्हे बरे होईल याचे.” शेजारी ठेवलेल्या चिरिमोया या फळाला मात्र त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. हे सीताफळाचे भावंड, साल गुळगुळीत आणि गर भरपूर. दोघेही मूळचे अमेरिकेतले.

दुपारी बुर्रियानाच्या पुळणीवर गेलो. तिथे चुलाणावर बैलगाडीच्या चाकाएवढ्या परातीत लाकडांच्या जाळावर पाएय्या, म्हणजे केशर घातलेला मासे-कोंबडीचा भात, शिजत असतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला तर त्याचे पैसे लागत नाहीत. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. भाताला स्पॅनिशमध्ये ‘आर्रोथ’ म्हणतात आणि केशराला ‘आथाफ्रान’; दोन्ही शब्द अरबी ‘रुझ्झ’ आणि ‘झाफरान’ यांच्यापासून आलेले आहेत, आणि आपल्या खानसाम्यांचे जाफरानही तेच.

सोमवार

नेर्ह्याच्या पूर्वेला मारो नावाची वाडी आहे. १२ जानेवारी १९५९ रोजी तिथली पाच मुले वटवाघळे धरायला डोंगरातल्या एका भोकाशी गेली आणि आत शिरता शिरता एका प्रचंड गुहेत पोहोचली. पुढच्याच वर्षी गुहा लोकांना पाहायला खुली झाली. आज पायऱ्या आणि दिवे बसवलेला भाग गुहेच्या एकतृतीयांशाएवढाच आहे. भिंतींवरची प्राचीन चित्रे आहेत त्या दालनांत सामान्य प्रवाशाला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माणूस या गुहेत सुमारे ४० हजार वर्षांपासून ये-जा करत होता. शेवटच्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत एकसंध झालेला चुनखडीचा खांब आहे. त्याची उंची ३२ मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. थेंबाथेंबाने पाणी ठिबकून इतके मोठे बांधकाम उभे राहते, हे पाहून आमच्या खात्यातली गळतीची जुनी प्रकरणे आठवली. नातवाने विचारले, “आजोबा, याला किती वर्षे लागली?” मी म्हटले, “निविदा निघाली नाही, म्हणून निदान पूर्ण तरी झाले.” सुनेने मराठीतून इंग्रजीत याचे भाषांतर करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

गुहेतून परत येताना जुन्या रस्त्याने चालत निघालो, कारण मला एक जलसेतू पाहायचा होता. ‘गरुडाचा जलसेतू’ हे त्याचे नाव. एका खोल ओढ्यावर विटांच्या कमानींचे चार मजले, कमानी एकूण ३७, आणि वर मधोमध दोन डोक्यांच्या गरुडाचा वातदर्शक. पाहणाऱ्याला हे रोमन काम वाटते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे आणि मारोच्या साखर कारखान्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले आहे. साखर कारखाना! आम्ही उभे होतो तिथून खाली, आज जिथे अवोकाडो आहेत त्या सगळ्या वाफ्यांत, एके काळी ऊस होता. अरबांनी तो हजार वर्षांपूर्वी इथे आणला, त्यांना तो इराणातून मिळाला आणि इराणात तो गेला आपल्याकडून. शब्दही त्याच्याबरोबर चालत गेला: शर्करा, शकर, सुक्कर आणि स्पॅनिश ‘आसुकार’. कारखाना कधीच बंद पडला. पण दुरुस्तीनंतर जलसेतू शेतीच्या पाण्यासाठी अजून वापरात आहे. मी रस्त्याच्या कठड्याशी अर्धा तास उभा होतो. शिरोळच्या साइटवर मी असाच उभा राहत असे, हे सौ.नी सुनेला हळूच सांगितलेले मला ऐकू आले.

मंगळवार

सकाळच्या बसने मालागा. विमानतळामुळे हे शहर सगळ्यांना नावाने माहीत असते आणि त्यामुळेच पाहायचे राहून जाते. पाब्लो पिकासोचा जन्म इथला, २५ ऑक्टोबर १८८१ चा. त्याच्या नावाचे संग्रहालय २००३ पासून एका जुन्या वाड्यात आहे. मुलगा आणि सून त्यात रमले. मला चित्रांतले कळते थोडे, आणि वाड्याच्या तळघरात उघड्या ठेवलेल्या, प्राचीन दर्यावर्दी फिनिशियन लोकांच्या भिंतींच्या अवशेषांपुढेच मी अधिक वेळ घालवला.

शहराच्या मध्यावर टेकडीवर जी तटबंदी दिसते तिला ‘आल्काथाबा’ म्हणतात. अरबी ‘अल-कसबा’. हाच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि पुण्यात कसबा पेठ झाला, कोल्हापुरात कसबा बावडा झाला. अर्थ थोडा सरकला. तिकडे तो गढीला चिकटून राहिला, इकडे गढीखालच्या वस्तीला. अकराव्या शतकातल्या या गढीच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे. ते कित्येक शतके मातीखाली होते. १९५१ मध्ये बागेसाठी खणताना पायऱ्या लागल्या, पण तोवर त्यावर सरकारी सांस्कृतिक भवन उभे राहिलेले होते आणि ते पाडायला १९९५ उजाडले. अरबांनी गढी बांधताना या नाट्यगृहाचेच खांब बिनदिक्कत उचलून वापरले आहेत. दरवाजांच्या कमानींत रोमन शीर्षे जशीच्या तशी दिसतात. समोरच्या मोठ्या पांढऱ्या इमारतीत आता शहराचे संग्रहालय आहे, पण तिचे नाव अजून ‘आदुआना’, म्हणजे जकातघर. हा शब्द आला ‘दिवाण’वरून. एव्हाना मी वहीत अशा शब्दांची यादीच करू लागलो होतो: नगराध्यक्ष तो ‘आल्काल्दे’, म्हणजे काझी, कोर्टाचा बेलिफ तो ‘आल्ग्वासिल’, म्हणजे वजीर, बिचारा किती खाली घसरला, आणि अमका-तमका म्हणायचे असेल तर ‘फुलानो’, म्हणजे आपला फलाणा.

कॅथीड्रलचा दक्षिणेकडचा मनोरा अपुरा आहे. १७८२ मध्ये काम थांबले ते थांबलेच, म्हणून लोक तिला प्रेमाने ‘एका हाताची’ म्हणतात. पैसा कुठे गेला, याची कथा अशी सांगतात की तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला पाठवला गेला. बांधकामाचा निधी दुसऱ्या शीर्षाखाली वळवण्याची प्रथा जुनीच आहे म्हणायची.

दुपारी आतारासानास नावाच्या मंडईत गेलो. लोखंड आणि काचेची ही मंडई एकोणिसाव्या शतकातली असली, तरी तिचा संगमरवरी दरवाजा अरबी जहाजबांधणीच्या गोदीचा उरलेला आहे. त्या काळी समुद्र इथवर होता. मी बोरूच्या सळीवर भाजलेले तारले खाल्ले. सौ. शाकाहारी. ‘मांस नको’ असे स्पॅनिशमध्ये पाठ करून सांगितले, की सॅलडवर हमखास ट्यूना येतो, आणि मासाही नको म्हटले तर हॅमचे बारीक तुकडे, कारण हॅमला इथे कुणी मांसात धरतच नाही असे दिसते. अखेर त्यांना ‘आहोब्लांको’ मिळाले: बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्हचे तेल वाटून केलेले थंडगार पांढरे सार, वर द्राक्षे. तेवढ्यावर त्या दिवसभर प्रसन्न होत्या. कॉफीच्या बाबतीत मालागावाले मोठे काटेकोर आहेत. दुधात कॉफी किती, त्यानुसार प्रत्येक प्रकाराला नाव आहे. निम्मी ती ‘मितात’, त्याहून कमी ती ‘सोंब्रा’ म्हणजे सावली, आणि नुसता रंग येण्यापुरती ती ‘नूबे’ म्हणजे ढग. मी ढग मागवला. आपल्याकडे ज्याला कॉफीचा वास दाखवलेले दूध म्हणतात, ते आले.

बुधवार

या दिवसाची मी सर्वांत जास्त वाट पाहत होतो, आणि अंतर होते अवघे सहा किलोमीटर. नेर्ह्याच्या मागे डोंगरात फ्रिहिलियाना नावाचे गाव आहे. चुन्याने पांढरीशुभ्र घरे, निळी-हिरवी दारे, काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी बसवलेल्या चढाच्या गल्ल्या. प्रवासी कंपन्यांच्या कॅलेंडरांवर असते तसे. कॅलेंडरात दिसत नाहीत ती भिंतींवर बसवलेली चिनी मातीची बारा फलके. १५६९ मध्ये या गावावरच्या कड्यावर मोरिस्को, म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेले मुसलमान, आणि राजाचे सैन्य यांची लढाई झाली. तिची हकीकत त्या फलकांवर टप्प्याटप्प्याने लिहिलेली आहे, आणि गल्ली चढत जाल तशी ती संपत जाते. मोरिस्को हरले. पुढे १६०९ पासून त्यांना सगळ्या स्पेनमधूनच घालवून दिले गेले. घरे, गल्ल्या आणि पाट त्यांचे, राहणारे लोक मात्र नंतर आलेले, असे हे गाव आहे. फलके फार निःपक्षपातीपणे लिहिली आहेत. सून वाचून दाखवत होती आणि शेवटच्या फलकाशी ती जरा थांबली.

पाट दिसला. स्पॅनिशमध्ये त्याला ‘आसेकिया’ म्हणतात, अरबी ‘साकिया’. गझलेतला पेला भरणारा साकी आणि शेताला पाणी देणारी साकिया एकाच धातूपासून आलेले आहेत. डोंगराच्या कुशीतून समपातळी धरत आणलेला, हातभर रुंदीचा हा पाट पाहून मला धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवली. तिथे बंधाऱ्याचे पाणी गावकरी आपसांत वाटून घेत आणि पाटावर देखरेख ठेवायला पाटकरी नेमत. इथे शेतकऱ्यांचे पाणी-संघ आहेत आणि पाटकऱ्याला म्हणतात ‘आसेकिएरो’. पाणी-वाटपाचे तंटे मिटवायला वालेन्सियाच्या कॅथीड्रलच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी शेतकऱ्यांचेच न्यायालय बसते, तोंडी निवाडा करते आणि त्याला २००९ मध्ये युनेस्कोने वारशाचा दर्जा दिला. आमच्या खात्यातल्या पाणीतंट्यांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्यांना वारसा म्हणता येईल, पण फक्त वयामुळे.

आता मुख्य गोष्ट. गावाच्या तोंडाशीच सोळाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेला, तटबंदीसारखा थोराड वाडा आहे. एका सरदार घराण्याच्या या वाड्याला आज सगळे ‘एल इनहेनियो’ म्हणतात. पाण्यावर चालणारे उसाचे गुऱ्हाळ ते ‘इनहेनियो’, आणि बैल किंवा खेचर जुंपून चालवायचा चरक तो ‘त्रापिचे’. साखरेच्या मुलखात हे दोन शब्द वेगळे ठेवतात. या वाड्यात अजूनही ‘मिएल दे कान्या’, म्हणजे शब्दशः उसाचा मध, तयार होतो आणि तसे करणारा हा युरोपच्या मुख्य भूमीवरचा शेवटचा कारखाना आहे. काळसर, दाट, किंचित कडवट गोड. आम्ही समोरच्या दुकानात बाटलीतून थेंबभर बोटावर घेऊन चाखला आणि मी व सौ. यांनी एकदमच म्हटले, “काकवी!” दुकानातली मुलगी दचकली. कान्या म्हणजे ऊस, हे ऐकूनच मी समजायला हवे होते. पण जिभेला जे कळते ते शब्दकोशाला कळत नाही. किनाऱ्यावरचा ऊस मात्र आता संपला आहे. पूर्वेला सालोब्रेन्याजवळचा शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद झाला, तेव्हा शेवटची तोडणीही झाली; फ्रिहिलियानाला कच्चा माल आता बाहेरून येतो. दर सहकारी कारखान्याच्या धुराड्याखाली राजकारण करणाऱ्या आपल्या लोकांना, ऊस एखाद्या मुलखातून हजार वर्षांनी कायमचा उठून जाऊ शकतो, हे पटवून सांगणे अवघड आहे. पाण्याला भाव आला आणि जमिनीला पर्यटनाचा भाव आला, की तो जातो.

दुपारचे जेवण तिथेच. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून तळायचे आणि वरून काकवीची धार सोडायची, हा या भागातला ठरलेला पदार्थ. वांग्याला ‘बेरेनहेना’ म्हणतात आणि तोही शब्द अरबी ‘बादिंजान’वरून, म्हणजे शेवटी आपल्याकडूनच निघालेला. सौ.नी आठवड्यात पहिल्यांदाच दुसरी थाळी मागवली आणि “याला थोडे गोडा मसाल्याचे बोट लावले असते तर...” असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले. निघताना काकवीची एक मोठी बाटली घेतली.

गुरुवार

ग्रनादाचा अल्हाम्ब्रा, म्हणजे मुसलमान सुलतानांचा डोंगरावरचा किल्लेवजा राजवाडा, पाहायचा असेल तर तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे लागते. त्यावर नाव असते, दारात पासपोर्ट पाहतात, आणि आतल्या नसरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ अर्ध्या तासाच्या हिशेबात नेमून दिलेली असते. ती चुकली की गेलीच. आमची वेळ साडेबाराची होती आणि नातवाला बरोबर सव्वाबाराला शौचालय आठवले. धावतपळत पोहोचलो.

नक्षीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि ते सगळे खरे आहे. भिंतीवर ‘ईश्वरावाचून कुणी विजेता नाही’ हे वाक्य इतक्या वेळा कोरलेले आहे की शेवटी ते अक्षर न राहता वेलबुट्टी होते. मला सांगायचे आहे ते पाण्याविषयी. हा सगळा डोंगर कोरडा आहे. तेराव्या शतकात नसरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मद सुलतानाने इथे राहायचे ठरवले तेव्हा दार्रो नदीवर सुमारे सहा किलोमीटर वरच्या बाजूला बांध घालून, डोंगराच्या कडेकडेने, केवळ उताराच्या जोरावर, ‘राजाचा पाट’ आणला, आणि मगच राजवाड्याला अर्थ आला. सिंहांच्या चौकात १२ संगमरवरी सिंह पाठीवर कुंड घेऊन उभे आहेत, चार बाजूंच्या चार दालनांतून चार चर जमिनीतून वाहत येऊन त्यांच्या पायाशी भेटतात, आणि भोवती १२४ बारीक खांब. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. कोमारेसच्या चौकातला हौद मात्र मला अधिक भावला: मेंदीच्या कुंपणासारख्या कातरलेल्या झुडपांमध्ये लांबलचक आरसपानी पाणी, त्यात ४५ मीटर उंचीच्या बुरुजाचे प्रतिबिंब, आणि पाणी आत येते तिथे असा उथळ गोल ठेवलेला की पृष्ठभागावर तरंग म्हणून उठू नये. पाणी आणणे हे आमचे काम. आणलेल्या पाण्याला गप्प बसवणे ही कला आम्हाला कुणी शिकवली नाही. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर आणली ती याच परंपरेतली. तिच्या हौदांची आज काय अवस्था आहे, ते मी पाहिलेले आहे.

वरच्या हेनेरालिफे बागेत एक जिना आहे, त्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळी असून त्यांतून पाणी खळाळत खाली येते. चढताना कठड्यावर हात ठेवला की हात पाण्यात. सौ. अर्ध्या जिन्यात बसल्या आणि दोन्ही मनगटे त्या पन्हळीत टाकून म्हणाल्या, “तुमच्या खात्यात असे काही केले असते तर मी कधी कुरकुर केली नसती.” समोरच्या पाटाच्या चौकातली उडती कारंजी, ज्यांचे फोटो सगळे काढतात, ती मुळातली नसून पुष्कळ नंतरची आहेत; मूळ पाणी शांत होते.

पुढे ख्रिस्ती सम्राट पाचव्या चार्ल्सने १५२७ मध्ये या राजवाड्याच्या अंगावरच आपला चौकोनी, आत वर्तुळाकार चौक असलेला, दगडी महाल काढायला घेतला आणि त्याच्या हयातीत तो पुरता झालाच नाही. इमारत वाईट नाही. चुकीच्या घरी आलेल्या धिप्पाड पाहुण्यासारखी ती दिसते.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने स्पेनच्या ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती किल्ल्या सोपवल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ग्रनादाजवळच्या सांता फे या छावणीच्या गावात, राजा-राणीने कोलंबसाशी करार केला. तो निघाला होता आपल्याकडे यायला. वाट चुकला म्हणून मिरची, बटाटा आणि सीताफळ आपल्यापर्यंत पोहोचले. आणि दुसऱ्या सफरीत त्याने जहाजावर उसाची कांडी नेली. परतीची बस डोंगर उतरू लागली तेव्हा ‘मूराचा उसासा’ नावाची खिंड लागली; मूर म्हणजे स्पेनमधला मुसलमान. बोआब्दिलाने इथून वळून शेवटचे पाहिले, असे म्हणतात. आमच्या बसमध्ये बहुतेक जण झोपले होते. खाली समुद्राशी आल्यावर सालोब्रेन्याचा पांढरा डोंगर आणि वरचा किल्ला दिसला, आणि त्याच्या पायथ्याचे सपाट, काळे, उसाविना रिकामे रान.

शुक्रवार

रोंदाची सहल बसने, एका सहल कंपनीबरोबर. सकाळी पावणेसातला बस आली. त्यानंतर सव्वादोन तास ती किनाऱ्यावरच्या एकेका हॉटेलापुढे थांबत माणसे गोळा करत राहिली, आणि मार्गदर्शक प्रत्येक थांब्यावर तेच स्वागत चार भाषांत करत राहिला. ज्यांना रोंदा पाहायचे आहे त्यांनी दोघे-तिघे मिळून गाडी भाड्याने घ्यावी, असे मी निक्षून सांगेन. सौ. आणि नातू शहाणपणाने पुळणीवर राहिले होते.

पूल मात्र पाहायलाच हवा. गावाचे दोन भाग करणारी घळ आणि तीवर ९८ मीटर उंचीचा दगडी ‘नवा पूल’. इथे १७३५ मध्ये एकाच मोठ्या कमानीचा पूल घाईने बांधला होता. तो १७४१ मध्ये कोसळला आणि सुमारे ५० माणसे गेली. मग १७५१ मध्ये पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी पाया घळीच्या तळापासून उचलला. काम पुरे व्हायला १७९३ उजाडले. चाळीसहून जास्त वर्षे! पण आज त्यावरून मोटारी जातात. मधल्या कमानीवर एक खोली आहे, तिचा काही काळ तुरुंग म्हणून उपयोग होत असे. खाली घळीत उतरून पुलाकडे वर पाहायचे होते. मार्गदर्शकाने दीड तास दिला होता आणि त्यातला अर्धा तास एका चामड्याच्या दुकानात गेला. १७८५ चे बैलझुंजीचे मैदान बाहेरूनच पाहिले.

शनिवार

सकाळी सज्ज्यावर शेवटचा फेरा झाला. विमान दुपारचे. विमानतळाच्या दारात मुलाने सहज विचारले, “बाबा, ती बाटली कुठे आहे?” बाटली माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती, आम्हा सगळ्यांचे सामान हातातलेच होते, आणि शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली सुरक्षा तपासणीतून पुढे जाणार नाही, हे मला आठवड्यापूर्वीच सांगून झालेले होते. काकवी द्रव आहे की नाही, यावर मी थोडा युक्तिवाद केला. मुलाने घड्याळाकडे पाहिले.

सौ. काही न बोलता बाहेरच्या बाकावर बसल्या. सकाळचा उरलेला पाव त्यांच्या पिशवीत होता. तो मोडून त्यांनी पाच भाग केले, कागदावर काकवी ओतली आणि पहिला घास नातवाच्या हातात दिला. त्याने बुडवून खाल्ला, बोटे चाटली आणि विचारले, “आजी, हे मँचेस्टरला मिळते?” अर्धी बाटली संपली. उरलेली आम्ही शेजारच्या बाकावर वाट पाहत बसलेल्या टॅक्सीवाल्याला दिली; त्याने बाटलीवरची चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि आपण फ्रिहिलियानाचेच, असे सांगितले.